शाळेच्या व्हॅनचा कॅम्पर, १४ महिन्यांनंतर: गाडीला चार तारे, पंपाला एक (आता अडीच)

पाण्याच्या पंपावर एवढं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. कॅम्परचा, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाडीचा, अनुभव लिहायचा म्हणून दोनदा बसलो आणि दोन्हीदा पंपाला शिव्या घालून उठलो. परवा त्याचा निकाल लागला, म्हणून आता एकदाचं लिहून टाकतो. टाकी किती लिटरची, बॅटरी किती अँपिअरची, पॅनेल किती वॉटचं हे असल्या गाड्या करणाऱ्यांना पाठ असतं. मी ते जिथं लागेल तिथंच सांगेन.

मी लातूरचा, निवृत्त लाइनमन. २,८५,००० रुपयांत शाळेची पोरं वाहणारी जुनी डिझेल व्हॅन घेतली. त्यात १,४०,००० घालून पलंग, ओटा, छोटा फ्रिज, सोलर आणि पाणी बसवलं. सुतारकाम गल्लीतल्या मिस्त्रीचं, वायरिंग माझ्या हातचं. सप्टेंबर २०२४ मध्ये गाडी तयार झाली आणि परवापर्यंत आम्ही नवरा-बायको तिच्यात ७१ रात्री झोपलो. आकडा तोंडपाठ आहे, कारण लॉजची खोली १,२०० रुपये धरली तर १,४०,००० वसूल व्हायला ११७ रात्री लागतात. म्हणजे तेव्हा अजून ४६ रात्री देणं होतं. तुळजापूरहून दर्शन करून त्याच दिवशी आरामात घरी येता येतं, तरी आम्ही मुक्काम करतो. मंडळी म्हणतात, "देवीला चाललोत का हप्ता भरायला?"

कागदांचं आधी सांगतो, कारण लोक इथंच फसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की आरसी बुकात जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी तुम्ही परस्पर करू शकत नाही. आधी आरटीओला विचारायचं, मग सुताराला. मी धंद्याच्या गाडीची पिवळी पाटी खाजगीची पांढरी करून घेतली, कागदावरची आसनं कमी करून घेतली, तेव्हा कुठं मिस्त्रीला करवत आणायला सांगितलं. वेळ गेला, पण सीमेवर एकाही माणसानं आत डोकावून "हे काय?" असं विचारलं नाही.

आता पंप.

१२ व्होल्टचा डायफ्रामचा, म्हणजे रबरी पडद्यानं पाणी ढकलणारा पंप, पुण्याच्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला, २,४५० रुपये. कॅम्परसाठी खास म्हणून लिहिलेलं. यात प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, नळ बंद केला की दाब चढतो आणि पंप थांबतो. पहिले आठ दिवस मी पाहुण्यांना नळ उघडून दाखवायचो. नवव्या दिवशी, नळदुर्गच्या किल्ल्याखाली मुक्काम असताना, रात्री दोनला आवाज आला: घर्र. एवढाच, दीड सेकंद. सात मिनिटांनी परत घर्र. परत सात मिनिटांनी.

नळ बंद असताना पंप वाजतो याचा अर्थ एकच. दाब उतरतोय, म्हणजे पाणी कुठंतरी जातंय.

"पाणी कुठंतरी जातंय" म्हटल्यावर लातूरच्या माणसाला झोप लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर, तेव्हा आम्ही याच गावात राहत होतो. त्याआधी मार्चात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. तेव्हापासून आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि कपड्यांचं शेवटचं पाणी मोरीला जातं. गाडीत टाकी ७० लिटरची आहे आणि आम्ही दोघं दिवसाला १२ लिटरात भागवतो, अंघोळ धरून. तांब्यानं अंघोळ करणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. अशा माणसाच्या उशाखाली दर सात मिनिटांनी पंप वाजायला लागला.

मी टॉर्च घेऊन ओट्याखाली शिरलो. एकही थेंब नाही. दुसऱ्या रात्री प्रत्येक जोडावर ज्वारीचं पीठ भुरभुरवलं. जरा ओल असती तर पीठ चिकटलं असतं. सकाळी पीठ कोरडं ठाक, मुंग्या मात्र आल्या. मग टाकीवर पेनानं रेघ मारली. रात्रभर पंप वाजला आणि सकाळी पाणी रेघेवर जिथल्या तिथं. पाणी जात नव्हतं, पण पंपाचं म्हणणं होतं की जातंय. तीस-पस्तीस वर्षं मी लोकांच्या घरचे फॉल्ट शोधले, पण असा फॉल्ट बघितला नव्हता.

तुम्ही म्हणाल, रात्री स्विच बंद करायचा. बरोबर आहे. पण तो स्विच मी ड्रायव्हरच्या सीटमागं फळीखाली बसवला होता. बॅटरी तिथं आहे, वायर कमी लागली. पलंगापाशी आणला असता तर आठ फूट वायर जादा गेली असती. त्यामुळे पंप बंद करायचा म्हणजे पलंगावरून उतरायचं, गुडघ्यावर रांगायचं, फळी उचलायची. पहाटे मंडळींना पाणी लागलं की परत तेच.

हा पंप तसाच घेऊन आम्ही नेपाळला गेलो.

निघायची वेळ अशी ठरवली होती की सोयाबीन निघालेलं असावं आणि दसरा झालेला असावा. नेपाळात दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, आपल्या नवरात्रातच येतो आणि तेव्हा सगळा देश गावी निघालेला असतो. लातूर, नांदेड, नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली, साधारण १,४५० किलोमीटर, आम्ही चार दिवस लावले. सीमेवर, सोनौलीला, गाडीचं 'भन्सार' करायचं, म्हणजे जकातीची पावती. ती दिवसांच्या हिशेबानं असते, जितके दिवस राहायचंय तितक्यांचे पैसे आधी भरायचे. भारतीय गाडीला वर्षात ३० दिवसच मिळतात. इथं काटकसर करून दिवस कमी लिहू नका, जादा राहिलात तर दंड लागतो. मी दोन दिवस जादा लिहिले आणि ते वाया गेले, अजून सलतंय. व्हिसा लागत नाही, ओळखपत्र लागतं. आम्ही गेलो तेव्हा शंभराच्या वरची भारतीय नोट तिथं चालत नव्हती, म्हणून शंभराच्या नोटांची जाडजूड थप्पी नेली होती. विनिमयात डोकं लावायचं काम नाही: आपल्या १०० चे त्यांचे १६० ठरलेले आहेत.

विम्याचं एक सांगून ठेवतो. आपली पॉलिसी भारताबाहेर लागू नसते. थोडा जादा हप्ता भरला की नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव एवढ्या देशांपर्यंत ती वाढवून मिळते. एजंटाला हे माहीत नव्हतं. मीच त्याला सांगितलं.

बुटवलच्या पुढं चढ लागला आणि गाडीनं जीव तोडून साथ दिली. पाल्प्याच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो, मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून पुढं जात होते, पण तापमानाचा काटा हलला नाही. पोखऱ्यात फेवा तळ्याच्या पश्चिमेला एका गेस्ट हाउसच्या अंगणात गाडी लावली. नरक चतुर्दशीला तिथं कुत्र्यांची पूजा असते. सकाळी दार उघडलं तर पायरीशी एक काळं कुत्रं, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर टिळा. मंडळींनी त्याला कडक भाकरी दिली. त्यानं वास घेतला आणि सोडून गेलं. शेंगदाण्याची चटणी तेवढी त्या अंगणातल्या सगळ्यांना आवडली, गेस्ट हाउसच्या दिदीनं डबाच ठेवून घेतला.

त्या रात्री तळ्याकाठी काय शांतता. आणि घर्र.

"अहो, ते वाजायलंय बघा परत."

"ऐकू यायलंय मला."

"मग बंद करा की."

मी रांगत गेलो.

काठमांडूहून पूर्वेला जायला जवळचा रस्ता बीपी राजमार्ग. पण सप्टेंबर २०२४ च्या अखेरीला मोठा पूर आला होता आणि तो रस्ता जागोजाग वाहून गेला होता. म्हणून मुगलिंग, नारायणगढ, हेटौडा असा वळसा घेऊन पूर्व-पश्चिम महामार्गाला लागलो. पुढं कोशी नदीचा बराज, म्हणजे दारांचा बंधारा, लागला. त्याला ५६ दारं आहेत आणि महिनाभरापूर्वी त्या सगळ्यांतून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी गेलं होतं, ५६ वर्षांतलं सगळ्यात जास्त. पुलावर थांबू देत नाहीत, तरी मी गाडी अगदी हळू चालवली. मंडळी खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "आपल्या मांजरा नदीच्या धरणात यातलं एका दिवसाचं सोडलं असतं तर?" मी हिशेब करायला लागलो तेवढ्यात मागून बसवाल्यानं हॉर्न दिला.

हिशेबावरून आठवलं, रात्री जागून मी पंपाचाही केला होता. दीड सेकंदाचा एक घर्र, आठ तासांत ६८ वेळा, ५० वॉटच्या आसपास. म्हणजे रात्रीला दीड वॉट-तासही नाही. माझ्या १,२८० वॉट-तासांच्या बॅटरीत हे कुठं दिसतही नाही. या दरानं एक युनिट जळायला दोन वर्षं लागतील. म्हणजे नुकसान शून्य. मला वाटलं आकडा कळल्यावर राग जाईल, पण तो वाढला. शून्य नुकसानीसाठी झोप जात होती.

काकडभिट्ट्याहून भारतात आलो, जयगावला गेलो. समोर भूतान. इथं काटकसर करणाऱ्यानं डोकं वापरायचं. भारतीय माणसाला रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. ते टळत नाही. पण गाडी सीमेवरच्या फुन्शोलिंग गावाच्या पुढं न्यायची तर तिचे दिवसाला ४,५०० वेगळे. पाच दिवसांचे २२,५००. आम्ही गाडी जयगावातच एकाच्या वाड्यात लावली, शेअर टॅक्सीनं थिंफूला गेलो, चार रात्री हॉटेलात राहिलो. कॅम्पर घेऊन भूतानला जाणं हा पैशाचा अपव्यय आहे, मग व्हिडिओत कितीही छान दिसू दे. थिंफूच्या पहिल्या सकाळी मंडळी आठ वाजता उठल्या. म्हणाल्या, "किती दिवसांनी झोप झाली बघा." मला तो टोमणा वाटला. होताच.

एकूण ३८ दिवस, ५,३०० किलोमीटर, दोघांचा सगळा खर्च १,०५,००० च्या आत. त्यात डिझेलच ४१,००० चं. इतक्या दिवसांचा दोन देशांचा टूर पॅकेजवाल्याला विचारून बघा.

परत आल्यावर विक्रेत्याशी युद्ध सुरू झालं. फोनवरचा मुलगा गोड बोलणारा. "सर, व्हिडिओ पाठवा." मी रात्री दोनचा व्हिडिओ पाठवला. अंधारात काही दिसत नाही, फक्त घर्र. "सर, लाइट लावून पाठवा." लाइट लावून पाठवला. "सर, लीकेज आहे का?" नाही. "मग पंप ओके आहे, सर. हे नॉर्मल आहे." असे ११ व्हिडिओ गेले. एकदा म्हणाले, पंप काढून कुरिअर करा, तुमच्या खर्चानं. मग मी महिनाभर टाळलं आणि जेव्हा करायला निघालो तेव्हा सहा महिन्यांची वॉरंटी संपून नऊ दिवस झाले होते. त्या दिवशी एक तारा दिला. खाली तीन परिच्छेद लिहिले, ते आता वाचवत नाहीत.

नंतर मार्च ते जून गाडी झाकूनच ठेवली. पत्र्याची गाडी आणि मराठवाड्याचा उन्हाळा, दुपारी आत शिरलं की तंदूर. छताला इन्सुलेशन केलंय तरी. एवढाच फायदा की टाकीतलं पाणी आपोआप अंघोळीचं होतं.

त्या रिकाम्या महिन्यांत पुढच्या मोठ्या सफरीचे कागद काढून बसलो. मूळ स्वप्न लातूर ते युरोप होतं, खोटं कशाला बोलू. नकाशावर रस्ता सरळ दिसतो: वाघा, इराण, तुर्कस्तान. पण एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकी बंद झाली. तिबेटमार्गे चीनमधून जायचं तर त्यांचा गाइड आणि परवाने घेऊन, त्यात आमचं वर्षाचं पेन्शन जाईल. पूर्वेला म्यानमार अडलेलं आहे, आणि पलीकडचा थायलंड परदेशी कॅम्परला आतच घेत नाही. श्रीलंकेची नागपट्टिनमहून बोट आहे, पण ती माणसं नेते, गाड्या नाही. उरतं काय, तर कंटेनरात घालून समुद्रमार्गे आखातात न्यायची आणि तिथून इराण. आता हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो: साध्या कंटेनरचं दार साधारण २.२८ मीटर उंच असतं. मी सोलरची फ्रेम हवा खेळावी म्हणून सहा इंच उंच बसवली. गाडी आता २.४० च्या वर जाते. फ्रेम काढावी लागणार, किंवा उंच दाराचा महाग कंटेनर घ्यावा लागणार. पॅनेल सपाट बसवा.

यात एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची निघाली. इराणसारख्या देशांना 'कार्ने' लागतं, गाडीचा पासपोर्टच म्हणा; आपल्याकडं ते मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. त्यासाठी हमी ठेवावी लागते आणि ती गाडीची किंमत आणि देश बघून ठरते. नव्या चकचकीत गाडीवाल्यांची रक्कम ऐकून घाम फुटतो. आमच्या शाळेच्या गाडीची किंमत लावायला बसलं तर हमी आपोआप हलकी होते. जुन्या गाडीवर हसणाऱ्या आमच्या मेव्हण्याला मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं.

तर परवाचं. शेतात फवारणी चालली होती आणि आमचा पाठीवरचा बॅटरीचा फवारा बंद पडला. तो घेऊन गंजगोलाईच्या बाजारामागं दुरुस्तीवाल्याकडं गेलो. पोरगं विशीतलं असेल. त्यानं फवारा उघडला आणि मी बघतच राहिलो. आत माझाच पंप. तोच आकार, तोच स्विच, तीच दोन नळ्यांची तोंडं. रंग तेवढा वेगळा. घरी जाऊन कॅम्परचा पंप काढून त्याच्यापुढं ठेवला.

"काका, ह्यो तर फवाऱ्याचाच हाय. कितीला घेतला?"

सांगितलं नाही. विचारलं, फवाऱ्याचा कितीला मिळतो? म्हणाला, सहाशे.

त्यानं चार स्क्रू काढले, डोकं उघडलं, आतल्या रबरी झडपेवरून नखानं काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पांढरा खडा, मोहरीएवढाही नाही. आमच्या ८०० फुटी बोअरचा क्षार. झडप त्या खड्यामुळं पूर्ण मिटत नव्हती. पाणी बाहेर कुठंच सांडत नव्हतं, ते पंपातूनच हळूहळू मागं टाकीत उतरत होतं. दाब कमी, पंप सुरू. म्हणून पीठ कोरडं, म्हणून रेघ जागच्या जागी.

"जाळी कुठाय?" त्यानं विचारलं.

जाळी म्हणजे पंपाच्या आधी बसवायचा गाळणा. विक्रेत्याच्या पानावर पंपाच्या खालीच होता, २८० रुपये. 'सोबत घ्या' असं लिहिलेलं. मला वाटलं, हे लोक एकावर एक खपवतात. घेतला नाही.

दुरुस्तीचे त्यानं ५० रुपये घेतले. जाळी फवाऱ्याचीच बसवली, ४० रुपयांची.

त्या रात्री अंगणातच गाडीत झोपलो, म्हणजे आता देणं ४५ वर आलं. मंडळी म्हणाल्या, घराबाहेर झोपून रात्र मोजायची नसते. मी मोजली. पंप एकदाही वाजला नाही. पण जाग मात्र दोनला आलीच.

म्हणून पंपाला आता अडीच तारे. दीड वाढवला तो चूक पंपाची नव्हती म्हणून. उरलेले अडीच देणार नाही, कारण सहाशेचा माल २,४५० ला विकला, आणि ११ व्हिडिओ बघून एकाही माणसाला "जाळी लावलीय का?" एवढं विचारावंसं वाटलं नाही. विशीतल्या पोराला ते चार मिनिटांत सुचलं.

बाकीचं भराभर. फ्रिज चांगला, दही विरजतं तसं राहतं. बॅटरी उत्तम, तक्रार नाही. पलंग सहा फुटी केला, पावणेसहा केला असता तर ओट्याला जागा मिळाली असती. आमच्यात उंच कुणी नाही. पाच किलोची गॅसची टाकी आम्हाला २२ दिवस पुरते. थंडीत आतून काचा घामेजतात, खिडकीला बोटभर फट ठेवायची. पंपाचा स्विच आता पलंगापाशी आणलाय, आठ फूट वायर ९० रुपयांना आली. मंडळींनी पावती फ्रिजवर चिकटवून ठेवलीय.

पुण्याला खड्याचा आणि जाळीचा फोटो पाठवला, खाली सगळं लिहिलं. काल उत्तर आलं: "सर, याचा व्हिडिओ आहे का?"